खाडीकाठचा नाईक

पुष्कळ वर्षांपूर्वी, आपल्या पणजोबांचे पणजोबाही जन्मले नव्हते तेव्हा, एका खाडीच्या काठी एक गाव होतं. गाव लहान, पण त्याने एक मोठं काम केलं होतं. समुद्राला मागे सारून त्याने आपली शेतं काढली होती. खाडीच्या कडेने मातीचा एक लांबच लांब बांध घातलेला होता. बांधाच्या एका बाजूला खारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला भाताची हिरवी शेतं. बांध उभा होता तोवर गावाच्या चुली पेटत होत्या.

गावातली माणसं प्रभू येशूची भक्ती करणारी होती. टेकडीवर त्यांचं देऊळ होतं. तिथली घंटा वाजली की खाडीतले होडीवाले हात जोडायचे. देवळात एक म्हातारे पाद्रीबाबा राहत. त्यांनी गावातल्या निम्म्या लोकांचा बाप्तिस्मा केला होता आणि जवळजवळ सगळ्यांचे रुसवे काढले होते.

बांधाची देखभाल करणाऱ्याला नाईक म्हणत. जुना नाईक वारला, तेव्हा राजाने त्या जागी इनास नावाच्या माणसाला पाठवलं. इनास याच गावात जन्मलेला, पण लहानपणीच राजाच्या किल्ल्यावर गेलेला. तिथे तो तटबंदीचं काम शिकला आणि पुढे कामावरचा मुख्य झाला. अंगाने धिप्पाड, डोक्याने हुशार, हाताला यश असलेला. किल्ल्यावर तो आला की शेकडो माणसं ताठ उभी राहत. मोठ्या माणसाला असाच मान मिळतो, हे त्याने तिथे पाहिलं होतं आणि तेच खरं मानलं होतं.

गावात आल्यावर त्याने पहिल्याच रविवारी देवळाबाहेर सांगितलं, "आजपासून नाईक बांधावर आला की प्रत्येकाने काम थांबवायचं, टोपलं खाली ठेवायचं आणि उभं राहायचं. बांधाचं काही सांगायचं असलं तर माझ्या घरी येऊन सांगायचं. माझ्या हुकमाशिवाय मातीचं एक ढेकूळही हलवायचं नाही."

लोकांनी माना डोलावल्या. इनासला वाटलं, चांगली सुरुवात झाली.

रोज सकाळी तो भरजरी पागोटं बांधून बांधावर जाई. लोक उठून उभे राहत. तो पुढे गेला की खाली बसत. पण तो नजरेआड झाला की कामाचे हात सैल पडत, हे काही त्याला दिसत नव्हतं. जे त्याला दिसायचं ते एवढंच, की कुणी आपल्याशी बोलत नाही. तो आला की गप्पा थांबत, हसणं थांबे. यालाच धाक म्हणतात, असं तो मनाशी म्हणे, पण घरी जेवायला बसल्यावर घास गोड लागत नसे.

एके दिवशी भरतीच्या वेळी तो बांधावर गेला. सगळे उभे राहिले, एक सोडून. पास्कू नावाचा माणूस चिखलात पालथा पडला होता. बांधाला खेकड्यांनी बीळ पाडलं होतं आणि त्यातून पाणी आत यायला लागलं होतं. पास्कूने खांद्यापर्यंत हात आत घालून ते बीळ आपल्या मुठीने दाबून धरलं होतं. दुसरा माणूस चिकणमाती आणायला धावला होता.

"उभा राहा," इनास म्हणाला.

"नाईक, हात काढला तर पाणी आत येईल," पास्कू म्हणाला. त्याचं तोंड चिखलाला टेकलेलं होतं, त्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते.

पास्कू बरोबर बोलतोय हे इनासला कळलं होतं. किल्ल्याच्या भिंती बांधलेल्या माणसाला हे कळणार नाही असं कसं होईल? पण सगळे बघत होते. आज याला सोडलं तर उद्या कुणीच उठणार नाही, असं त्याला वाटलं. बीळ बुजेपर्यंत तो तसाच उभा राहिला आणि मग म्हणाला, "उद्यापासून तू बांधावर यायचं नाहीस."

पास्कूने हात धुतले आणि तो निघून गेला. त्या दिवसापासून पास्कू खडकाला चिकटलेले शिंपले फोडून त्यातली कालवं काढून पोट भरू लागला.

श्रावणातली पुनव जवळ आली. समुद्राला उधाण येण्याचे ते दिवस. दुपारच्या वेळी कुस्तान नावाची एक विधवा आपल्या शेतात तण काढत होती. तिचं शेत बांधाला लागूनच होतं. तिला दिसलं की बांधाची माती एका जागी ओली झाली आहे आणि तिथून पाणी पाझरतंय. पूर्वी असं काही दिसलं की ती हाक मारायची आणि हाताशी असतील ते चारजण धावायचे. आता हुकूम वेगळा होता. ती धावत नाईकाच्या घरी गेली.

दारावरचा माणूस म्हणाला, "नाईक पागोटं बांधतायत. बस तिथे."

"अरे, पाणी पाझरतंय तिकडे."

"सांगितलं ना, बस."

आत इनासने तिचा आवाज ऐकला होता. पण उघड्या डोक्याने लोकांसमोर जायचं त्याच्या मनाला पटेना. त्याने पागोट्याचा पेच नीट बसवला, शेला घेतला, जोडे घातले आणि मग तो बाहेर आला. दोघं बांधाकडे निघाले तेव्हा वाटेतच त्यांना माती कोसळल्याचा आवाज आला. बांधाला खांड पडली होती. मातीचा मोठा लचका तुटून खाडीचं पाणी आत घुसत होतं.

गावाने संध्याकाळपर्यंत राबून ती खांड बुजवली. बाकीची शेतं वाचली. कुस्तानचं शेत मात्र खाऱ्या पाण्याखाली गेलं आणि तिचं वर्षाचं भात जागच्या जागी करपलं. ती रडली नाही. तिने इनासकडे एकदा पाहिलं आणि ती घरी गेली. ती नजर फार दिवस त्याच्या मनातून गेली नाही.

तो टेकडीवर पाद्रीबाबांकडे गेला, पण माफी मागायला नाही, गाऱ्हाणं सांगायला.

"बाबा, या माणसांना माझ्याबद्दल आदर नाही. मी एवढं काम जाणतो, राजाने मला नेमलंय, तरी हे वरवर उभे राहतात आणि मनातून मला परकंच धरतात. मी राजाला सांगून किल्ल्यावर परत जातो."

पाद्रीबाबा भाजीच्या वाफ्यातलं गवत उपटत होते. ते म्हणाले, "जायचं तर जा. पण एक सांग इनास, कुस्तान तुझ्या दारात बसली होती, तेव्हा तू काय करत होतास?"

इनास पाठ फिरवून निघाला. तो टेकडी उतरला. किल्ल्यावर गेला नाही, पण बांधावर जाणंही त्याने कमी केलं. हिवाळा असाच गेला.

मग ईस्टरच्या आधीचा गुरुवार आला. प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी कमरेला पंचा गुंडाळून आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या दिवशी देवळात पाद्रीबाबा गावातल्या बाराजणांचे पाय धूत. आदल्या दिवशी त्यांनी इनासला बोलावून घेतलं.

"माझे गुडघे आता वाकत नाहीत," ते म्हणाले. "उद्या पाय तू धू."

"मी? बाबा, हे तुमचं काम."

"प्रभूचं काम आहे. त्याला ते हलकं वाटलं नाही. तुला वाटतंय का?"

इनास ओशाळला आणि हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अकरा माणसं बाकावर बसली होती. सगळ्यांचे पाय घरूनच धुतलेले, तेल लावून चकचकीत केलेले. इनास गुडघ्यांवर बसला. घंगाळातून तांब्याने पाणी घ्यायचं, पायावर ओतायचं, पंच्याने टिपायचं आणि पुढे सरकायचं. हे काम त्याला वाटलं होतं तेवढं कठीण गेलं नाही. खरं सांगायचं तर, आपण किती नम्र दिसत असू, हाही विचार एकदा त्याच्या मनात येऊन गेला.

बारावी जागा रिकामी होती. इनास तिथवर पोचतो न पोचतो तोच दारातून पास्कू आला आणि तिथे बसला. पाद्रीबाबांनीच त्याला बोलावलं होतं. तो सरळ खडकावरून आला होता. पायांना घोट्यापर्यंत चिखल होता.

इनासने पाणी ओतलं. आधी काळं पाणी खाली आलं, मग लालसर. कालवांच्या धारदार शिंपल्यांनी पास्कूचे तळवे फाटले होते. जुन्या जखमांवर नव्या जखमा, आणि त्यात मीठ भरलेलं. पंचा लागताच पास्कूचा पाय आपोआप मागे गेला.

"दुखतंय?" इनासने हळूच विचारलं.

गावात आल्यापासून त्याने कुणालाही विचारलेला हा असा पहिला प्रश्न होता.

"रोजचंच आहे," पास्कू म्हणाला.

"हे मी तुला बांधावरून काढलं म्हणून झालं."

"बांधावर असतानाही पाय असेच होते, नाईक. खाडीच्या चिखलातही शिंपले असतात. या अकराजणांचेही पाय असेच आहेत. आज देवळात यायचं म्हणून सगळे घासूनपुसून आले, म्हणून तुम्हाला दिसलं नाही."

इनासने बाकावरच्या अकराहीजणांच्या पायांकडे पुन्हा पाहिलं. तेलाच्या चकाकीखाली चिरा होत्या. त्याने ते पाय आत्ताच आपल्या हाताने धुतले होते आणि तरी त्याला त्या दिसल्या नव्हत्या. तो पास्कूच्या पायांशी खाली बसून राहिला. प्रार्थना पुढे सुरू झाली, लोक उभे राहिले, तरी त्याला उठवेना. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. गंमत अशी की लाजेबरोबरच मनावरचं काहीतरी उतरल्यासारखंही वाटलं.

ईस्टर झाला. सोमवारी पहाटे इनास अनवाणी आणि उघड्या डोक्याने बांधावर आला. लोक सवयीने उठू लागले. खडकाकडे निघालेला पास्कूही थांबला. तो म्हणाला, "उठू नका. आज मला बोलायचंय. पास्कूने गावाचा बांध वाचवला आणि मी त्याला बांधावरून हाकललं. तो खरा होता हे मला तेव्हाही कळलं होतं. माझ्या तोऱ्यापायी मी ते केलं. पास्कू, मला माफ कर आणि कामावर परत ये."

पास्कूने जरा विचार केला. "येतो," तो म्हणाला. "कालवांचा कंटाळाच आला होता."

मग इनास कुस्तानसमोर उभा राहिला. "मावशी, तुझं शेत माझ्यामुळे गेलं. मी..."

"माफी सवडीने माग," कुस्तान म्हणाली. "ओहोटी थोडाच वेळ आहे. आधी टोपलं उचल."

त्याने टोपलं उचललं.

बांधाच्या कामात सगळ्यांत वाईट जागा म्हणजे खाडीच्या बाजूची चरी, म्हणजे माती काढायचा लांब खड्डा. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून माती कापायची आणि वर द्यायची. इनास रोज त्या चरीत उतरू लागला. सुरुवातीला लोकांना ते खरं वाटलं नाही. "आठवडाभर बघा," ते एकमेकांना म्हणत. आठवडा गेला, महिना गेला, इनासचे तळवे फाटले, भरले आणि पुन्हा फाटले. तो चरीत होताच.

चरीत उभं राहिल्यावर त्याला अशा गोष्टी कळू लागल्या, ज्या वरून कधी कळल्या नव्हत्या. कुणाची पाठ दुखते, कुणाच्या घरी तान्हं आजारी आहे, कोण दमलं तरी सांगत नाही. त्याने बांधाच्या टोकाशी एक चूल मांडली. काम संपवून माणसं वर आली की तिथे कढत पाणी आणि हळद घातलेलं खोबरेल तयार असे. कित्येकदा तो स्वतःच पाणी ओतायला बसे. आता तिथे कुणी धुतलेले पाय घेऊन येत नव्हतं.

धोक्याच्या वेळी फुंकायचं शिंग नाईकाच्या घरात टांगलेलं असे. ते त्याने बांधावर खांबाला टांगलं आणि सांगितलं, "ज्याला पाणी दिसेल त्याने फुंकायचं. मला विचारायला येऊ नका. मीच तुमच्यामागे धावत येईन."

नाईक मवाळ झाला, असं मात्र कुणी समजू नये. दोन तरुण एकदा आपली पाळी सोडून ताडी प्यायला गेले. परत येऊन बघतात तर इनास त्यांच्या जागी चरीत उभा. तो रागावला, आणि चांगलाच रागावला. "तुम्ही गेलात तेव्हा तुमची माती आपोआप वर आली नाही. ती कुणीतरी उचलली. उद्या तुम्ही दोन पाळ्या करायच्या." पूर्वी असं बोलल्यावर माणसं आतल्या आत धुमसायची. हे दोघं मात्र मान खाली घालून हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दोन पाळ्या करून गेले.

पावसाळा आला. भात वाढलं, पोटरीला आलं. भादव्यात एक सकाळ अशी उगवली की आभाळ आणि खाडी वेगळी दिसेनात. वारा समुद्राकडून, पाऊस डोंगराकडून, आणि त्यातच अमावस्येचं उधाण. शिंग वाजलं. ते कुणी फुंकलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. इनास पोचला तेव्हा निम्मं गाव बांधावर होतं.

लाटा बांधाच्या माथ्याला लागत होत्या. इनास आणि पास्कू बांधावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले. इनासने चार जागी पायाने माती दाबून पाहिली. ती आतून मऊ झाली होती. तटबंदीचं काम केलेल्या त्याच्या हातापायांना ते लगेच समजलं. हा बांध भरती पूर्ण चढेपर्यंत टिकणार नव्हता.

शेतांच्या मधोमध एक जुना, बुटका आडबांध होता. तो उंच केला तर आतली मोठी शेतं आणि गाव वाचलं असतं. पण त्यासाठी बाहेरच्या बांधावरचे सगळे हात काढून घ्यायला हवे होते आणि बाहेरची शेतं समुद्राला द्यायला हवी होती. माती आणायला वेळ नव्हता. ती त्याच शेतांतून कापावी लागणार होती, उभ्या भातासकट.

इनासने सगळ्यांना जवळ बोलावलं आणि हे जसं होतं तसं सांगितलं.

मग एकजण म्हणाला, "नाईक, माझं शेत बाहेर आहे."

दुसरा म्हणाला, "आणि तुमचं आत आहे."

"हो," इनास म्हणाला. "माझं आत आहे. म्हणूनच हे सांगताना माझी जीभ अडखळते आहे. पण मी गप्प बसलो तर सगळंच जाईल. जे वाचेल ते कुणा एकाचं राहणार नाही. माझ्या शेतातला पहिला दाणा बाहेरच्यांच्या घरी जाईल. एवढंच मी सांगू शकतो. पुढचं तुम्ही ठरवा."

लाटेचं पाणी माथ्यावरून उडून सगळ्यांच्या तोंडावर आलं. बाहेरच्या शेतांपैकी पहिलं शेत कुस्तानचं होतं. गेल्या वर्षी करपलेलं, यंदा मातीतला खार धुऊन धुऊन पुन्हा रुजवलेलं. सगळे तिच्याकडे बघायला लागले. इनासला मात्र तिच्याकडे बघवेना.

कुस्तानने शेजारच्याच्या हातातलं फावडं घेतलं. ती आपल्या शेतात उतरली आणि पोटरीला आलेल्या भाताच्या मुळाशी तिने ते जोराने मारलं.

"बघता काय," ती म्हणाली. "इनास सांगतोय ना, मग कापा."

त्यानंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही. ज्यांची शेतं बाहेर होती तेच आधी उतरले. मातीची ढेकळं, त्यांना चिकटलेली हिरवी रोपं, सगळं हातोहात आडबांधावर चढत गेलं. बायका, म्हातारे, ताडी पिणारे ते दोन तरुण, सगळे एका रांगेत. इनास आवाज देत होता, तिकडे रांग वळत होती. कुणी का म्हणून विचारत नव्हतं. पाद्रीबाबासुद्धा टेकडी उतरून आले आणि वाकता येत नव्हतं म्हणून उभ्या उभ्याच ढेकळं पुढे देऊ लागले.

दुपारी बाहेरचा बांध गेला. पाणी बाहेरच्या शेतांतून गर्जत आलं आणि आडबांधावर आदळलं. ओली माती हलली, काही ठिकाणी खचली, माणसांनी तिथे पाठी लावल्या. भरती पूर्ण चढली आणि मग, हळूहळू, उतरायला लागली. आडबांध उभा होता. गाव उभं होतं.

कापणी झाली तेव्हा इनासने आपलं भात मळून पहिली रास कुस्तानच्या अंगणात नेऊन ओतली. तो परत निघाला तर समोरून सगळं गाव येताना दिसलं. आतल्या शेतांचे मालक डोक्यावर पाट्या घेऊन बाहेरच्यांच्या घरी निघाले होते. त्यांना कुणीही हुकूम केलेला नव्हता. त्या वर्षी सगळ्यांनीच थोडं कमी खाल्लं, पण उपाशी कुणी झोपलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात बाहेरचा बांध पहिल्यापेक्षा रुंद उभा राहिला.

पुष्कळ वर्षांनी इनास म्हातारा झाला. नाईकपद दुसऱ्या एका तरुण माणसाकडे गेलं. तरीही भावाभावांत भांडण झालं की माणसं इनासच्या ओट्यावर येत. लग्न जुळवायचं असलं, होडी सोडायची असली, तरी आधी त्याला विचारत. आता त्याच्याकडे ना हुकूम होता, ना अधिकार. तो काही सांगायचा आणि ते व्हायचं.

नव्या नाईकाला याचं नवल वाटे. एका सकाळी त्याने विचारलं, "काका, मी नाईक आहे, तरी लोक तुमचंच ऐकतात. तुम्ही त्यांना असं काय सांगता?"

इनास हसला. "सांगण्यासारखं काही नाही रे. ओहोटी लागलीय, माणसं चरीत उतरत असतील. चल, तू पुढे हो, मी येतोच काठी घेऊन."

तरुण नाईक क्षणभर घुटमळला. मग त्याने जोडे ओट्याखाली काढून ठेवले आणि तो खाडीकडे निघाला.

प्रभूने दाखवलेली वाट हीच आहे: जो आधी लोकांची सेवा करतो, त्याच्या शब्दाला लोक आपणहून मान देतात.